उसाची खेप आणि माहितीचे पाकीट

दिवाळी झाली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या रस्त्यांचे रूप पालटते. कराडपासून इस्लामपूरपर्यंत आणि पुढे सांगलीपर्यंत उसाच्या बैलगाड्या, टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या दिसू लागतात. एका शेतकऱ्याचा दोन एकर ऊस एका गाडीत कधीच जात नाही. त्याच्या अनेक खेपा होतात. फडातून गाडी निघताना चिटबॉय एक चिठ्ठी देतो. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव, गाव, गट नंबर, गाडीचा नंबर आणि तारीख असते. कोणती गाडी कोणत्या रस्त्याने गेली आणि कोणती आधी पोचली याला महत्त्व नसते. वजनकाट्यावर चिठ्ठी बघून वजन त्या शेतकऱ्याच्या नावावर चढते, आणि सगळ्या खेपांची बेरीज म्हणजे त्याचा ऊस.

एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे माहिती कशी जाते, हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. योगायोग असा, की देशात ग्रामीण संगणक जाळ्याचा एक गाजलेला प्रयोग झाला तोही उसाच्याच पट्ट्यात.

वारणेच्या खोऱ्यातले जाळे

वारणा नदी सह्याद्रीत उगम पावते, बराच अंतर सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची सीमा म्हणून वाहते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. तिच्या दक्षिणेला, कोल्हापूर जिल्ह्यात, वारणानगरचा सहकारी साखर कारखाना आहे. त्याचे सभासद मात्र नदीच्या दोन्ही बाजूंच्या गावांत आहेत.

1998 साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच काळात वारणेच्या खोऱ्यातली 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्याची आखणी केली, आणि खर्चाचा भार केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि वारणा विभाग शिक्षण मंडळ यांनी मिळून उचलला. गावागावांत संगणक केंद्रे उघडली. तिथून टेलिफोनच्या तारेने कारखान्याच्या मुख्य संगणकाशी संपर्क साधायचा अशी योजना होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य आणि शिक्षण अशी अनेक उद्दिष्टे कागदावर होती. प्रत्यक्षात रुजले ते एकच काम, उसाच्या नोंदींचे. लागणीची नोंद, तोडणीची पाळी, पोचलेल्या उसाचे वजन आणि खताची उपलब्धता हे सारे शेतकऱ्याला गावातच कळू लागले. त्यासाठी कामाचा दिवस मोडून कारखान्यापर्यंत जाण्याची गरज उरली नाही.

त्या वेळी देशात इंटरनेट नवे होते. विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी ही सेवा 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू केली होती. त्याआधी, 1980च्या दशकात, निकनेट या सरकारी जाळ्याने उपग्रहामार्फत जिल्हा मुख्यालये दिल्लीशी जोडायला सुरुवात केली होती. पण जिल्ह्याच्या गावापासून वाडीवस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा टेलिफोनच्या तारेवरच अवलंबून होता, आणि त्या तारेत खरखर असे. अशा तारेवरून शेतकऱ्याच्या वजनाचा आकडा बिनचूक कसा पोचवायचा? हा प्रश्न वारणेपेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी जुना आहे.

तुकडे का करायचे?

टेलिफोनवर आपण बोलतो तेव्हा, निदान जुन्या पद्धतीत, दोघांमध्ये एक अखंड वाट राखून ठेवली जाई. आपण गप्प बसलो तरी ती वाट दुसऱ्याला मिळत नसे. म्हणजे एका गाडीसाठी कराड ते कारखाना सगळा रस्ता बंद ठेवण्यासारखेच. संगणकांचे बोलणे तर तुटक असते. क्षणभर भरपूर माहिती आणि मग बराच वेळ शांतता.

याला पर्याय दोघांना स्वतंत्रपणे सुचला. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी 1964 मध्ये एक आराखडा मांडला. अणुहल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्या वाटांनी संदेश पोचावा, हा त्यांचा हेतू होता. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी 1965 मध्ये तीच कल्पना मांडली, पण त्यांना महागड्या तारांचा वापर अनेकांनी वाटून करायला हवा होता. दोघांचा उपाय एकच होता. संदेशाचे लहान तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता लिहा आणि मिळेल त्या वाटेने पाठवा. या तुकड्याला डेव्हिस यांनी ‘पॅकेट’ हे नाव दिले. आपण त्याला पाकीट म्हणू.

तुकडे केल्याने काय साधते ते आकड्यांनी पाहू. समजा, गावातल्या 500 शेतकऱ्यांच्या नोंदी पाठवायच्या आहेत आणि प्रत्येक नोंद 100 अक्षरांची आहे. एकूण 50,000 अक्षरे झाली. मोडेमचा वेग सेकंदाला 9,600 बिट आणि प्रत्येक अक्षराला 10 बिट धरले, तर सेकंदाला 960 अक्षरे जातील आणि सगळे काम 52 सेकंदांत होईल. आता मध्येच खरखर होऊन एक अक्षर बिघडले. सगळा मजकूर एकाच गठ्ठ्यात पाठवला असेल तर तो पुन्हा पाठवावा लागेल. 52 सेकंदांचे 104 सेकंद होतील.

त्याऐवजी 500 अक्षरांची 100 पाकिटे करू. प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक वगैरे लिहायला साधारण 40 अक्षरांची जागा लागते. म्हणजे एकूण 54,000 अक्षरे आणि 56 सेकंद. चिठ्ठ्यांपायी चार सेकंद जादा गेले. पण आता एक अक्षर बिघडले तर फक्त 540 अक्षरांचे एक पाकीट पुन्हा पाठवायचे, त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. सगळे मिळून 57 सेकंद. तार जितकी वाईट, तितका पाकिटांचा फायदा अधिक.

पाकीट बिघडले हे कळते कसे? पाठवणारा पाकिटातल्या आकड्यांची एका ठरलेल्या रीतीने बेरीज करून ती पाकिटावर लिहितो. घेणारा पुन्हा बेरीज करतो. जुळली नाही तर ते पाकीट टाकून देतो.

जबाबदारी कोणाची?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेने अर्पानेट हे जाळे उभारले. ते अणुयुद्धासाठी बांधले गेले असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. निरनिराळ्या विद्यापीठांतले महागडे संगणक संशोधकांना एकमेकांत वाटून वापरता यावेत, हा त्यामागचा उद्देश होता. 29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला सुरुवात झाली. एल आणि ओ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. पुढच्या प्रयत्नात काम झाले. जाळ्यावरून गेलेला पहिला संदेश असा अर्धाच होता, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

अर्पानेटमध्ये पाकिटे नीट पोचवण्याची जबाबदारी जाळ्याची होती. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी सिक्लाद नावाचे जाळे उभारले आणि हा विचार उलटा केला. त्यांचे म्हणणे असे : जाळ्याने फक्त पाकीट पुढे ढकलायचा प्रयत्न करावा. हरवले तर हरवले. हिशेब टोकांवरच्या संगणकांनी ठेवावा.

ऐकताना हे बेजबाबदारपणाचे वाटते. पण ऊसगाडीचा विचार करा. वाटेतल्या प्रत्येक चौकातल्या माणसाने गाडीची नोंद ठेवायची म्हटले, तर चौकाचौकात रांगा लागतील. नोंद दोनच ठिकाणी पुरते, फडात आणि काट्यावर. चौकात फक्त ‘कारखाना कोणत्या बाजूला’ एवढे सांगणारा लागतो.

व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच धागा पुढे नेला. निरनिराळ्या प्रकारची जाळी, म्हणजे तारेची, रेडिओची, उपग्रहाची, एकमेकांना जोडायची तर कोणत्याही जाळ्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. 1978 मध्ये त्यांच्या योजनेचे दोन भाग झाले. पाकिटावरचा पत्ता बघून ते पुढे नेणारा भाग म्हणजे आयपी, आणि टोकांवर हिशेब ठेवणारा भाग म्हणजे टीसीपी. 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेटने ही पद्धत स्वीकारली. आजचे इंटरनेट त्याच पायावर उभे आहे.

टीसीपी जे करते ते थोडक्यात असे. मजकुरातल्या प्रत्येक बाइटला क्रमांक द्यायचा. पाकीट पाठवले की त्याची प्रत जवळ ठेवायची. पलीकडून ‘इथपर्यंत मिळाले’ अशी पावती आली की प्रत टाकून द्यायची. ठरावीक वेळात पावती आली नाही तर पुन्हा पाठवायचे. घेणाऱ्याने पाकिटे क्रमाने लावायची आणि तेच पाकीट दोनदा आले तर एक टाकून द्यायचे.

इथे आपले उसाचे उदाहरण अपुरे पडते आणि ते विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. गाडी ओढ्यात उलटली तर तोच ऊस पुन्हा पाठवता येत नाही. माहितीची नक्कल निघते, आणि सगळी युक्ती त्या नकलेवर उभी आहे. दुसरे असे, की उसाच्या खेपांना क्रम नसतो, बेरीज केली की झाले. पत्रातल्या अक्षरांना क्रम असतो.

घर सापडले, पण माणूस कोणता?

समजा, पाकीट कारखान्याच्या संगणकापर्यंत पोचले. पण त्या संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालू आहेत. एक आज्ञावली वजनाच्या नोंदी घेते, दुसरी टपाल घेते, तिसरी हिशेब दाखवते. पाकीट यातल्या कोणासाठी?

कारखान्याचा पत्ता एकच असतो, पण ऊस गव्हाणीकडे जातो, सुटे भाग भांडाराकडे आणि अर्ज शेती ऑफिसात. तसेच संगणकाच्या पत्त्याबरोबर पाकिटावर एक क्रमांक लिहितात. त्याला पोर्ट म्हणतात. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता 32 बिटांचा असतो, त्यातून 4,29,49,67,296 पत्ते तयार होतात. पोर्टचा क्रमांक 16 बिटांचा असतो, म्हणून एका संगणकावर 65,536 क्रमांक मिळतात. काही क्रमांक ठरलेले आहेत. टपाल देवघेवीसाठी 25, वेबच्या पानांसाठी 80, सुरक्षित वेबसाठी 443. पाठवणाऱ्या आज्ञावलीचाही पोर्ट पाकिटावर असतो, नाहीतर उत्तर कोणाला द्यायचे ते कळणार नाही.

म्हणजे जाळे संगणकापर्यंत पोचवते, आणि पोर्टचा क्रमांक बघून संगणक ते नेमक्या आज्ञावलीच्या हाती देतो. आपण ‘इंटरनेटवरून माहिती आली’ असे म्हणतो, तेव्हा ही दोन निराळी कामे झालेली असतात.

सगळ्यांनाच पावत्यांची गरज असते असे नाही. 1980 मध्ये जॉन पोस्टेल यांनी यूडीपी नावाची अगदी साधी पद्धत तीन पानांत लिहून काढली. तिच्यात पोर्ट, लांबी आणि तपासणीची बेरीज एवढेच असते. सगळे मिळून 8 बाइट. पावती नाही, क्रम नाही, पुन्हा पाठवणे नाही. बोलण्याच्या कामाला ती बरी पडते. संभाषणातला एक शब्द गळला तर तो दोन सेकंदांनी पुन्हा येऊन उपयोग नसतो. ज्यांना हवे त्यांनी त्यावर आपला हिशेब उभारावा. 2021 मध्ये प्रमाणित झालेली क्विक ही पद्धत तेच करते. ती यूडीपीवर चालते, पण पावत्यांचा हिशेब स्वतः ठेवते.

सगळ्यांनी एकदम गाड्या भरल्या तर

ऑक्टोबर 1986 मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. कॅलिफोर्नियात बर्कली येथील विद्यापीठ आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यात अंतर जेमतेम 400 यार्ड. त्यांच्यातला माहितीचा वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर आला. वेग आठशेपट घटला, आणि तरीही तारा शाबूत होत्या.

कारण असे. वाटेत गर्दी झाली, पाकिटे हरवू लागली, पावत्या येईनात. मग प्रत्येक संगणक पाकिटे पुन्हा पाठवू लागला, त्यामुळे गर्दी आणखी वाढली. प्रत्येकजण नियमाप्रमाणे वागत होता आणि सगळे मिळून अडकले होते.

व्हॅन जेकबसन यांनी 1988 च्या निबंधात उपाय मांडला. सुरुवात थोड्या पाकिटांनी करा. पावत्या येतील तसे प्रमाण वाढवा. पाकीट हरवले तर पुढे गर्दी आहे असे समजा आणि लगेच प्रमाण कमी करा. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे नवे नाही. कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली असते. सगळ्यांनी एकदम तोडणी केली तर आवारात गाड्यांची रांग लागते आणि ऊस वाळून वजन घटते. म्हणून तोडणीचा कार्यक्रम असतो. फरक एवढाच, की कार्यक्रम कारखान्याचे ऑफिस ठरवते. इंटरनेटवर असे ऑफिस नाही, प्रत्येक संगणक पावत्यांवरून अंदाज घेऊन स्वतःच हात आखडता घेतो.

वारणेत पुढे काय झाले?

काही वर्षांनी गावांतले संगणक जुने झाले. दुरुस्ती आणि देखभाल महाग पडू लागली. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांना असे आढळले, की वेगवेगळ्या उद्दिष्टांसाठी बसवलेली 54 केंद्रे मुख्यतः उसाच्या छोट्या छोट्या नोंदी नेण्या-आणण्याचे काम करीत आहेत. त्यासाठी संगणक हवाच का? त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातला संगणक काढून मोबाइलवरचा एसएमएस आणला. कारखान्यात संगणकाला जोडलेला एक मोबाइल संदेश घेई, संगणक नोंदी तपासून उत्तर पाठवी. 2007 साली त्यांनी याचा अहवाल मांडला. संगणकावर होणारे सगळे काम एसएमएसवर झाले, ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक आवडले.

एसएमएस हेही एक पाकीटच. त्यात 140 बाइट मावतात. इंग्रजीची 160 अक्षरे, देवनागरीची फक्त 70, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हाला 16 बिट लागतात आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ‘कारखाना’ या शब्दाची सात चिन्हे होतात. संदेश लांबला तर त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांकाची 6 बाइटची चिठ्ठी लागते. मग तुकड्यात 70 ऐवजी 67 चिन्हेच मावतात. चिठ्ठीची किंमत इथेही मोजावी लागते.

या बदलात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टेलिफोनची तार जाऊन मोबाइल आला, संगणक जाऊन एसएमएस आला, पण शेतकऱ्याचा प्रश्न तोच राहिला : ‘माझा ऊस किती भरला?’ जाळ्याची रचना थरांची असते ती यासाठीच. खालचा थर बदलला तरी वरचे काम मोडू नये.

पावती कोणाची?

शेवटी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. टीसीपीची पावती नेमके काय सांगते? पलीकडच्या संगणकाला मजकूर मिळाला, एवढेच. तो आज्ञावलीने वाचला, वहीत चढवला, शेतकऱ्याच्या खात्यावर जमा केला, यातले काहीच ती सांगत नाही. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी 1980च्या दशकात ही गोष्ट तत्त्व म्हणून मांडली. काम पूर्ण झाल्याची खात्री टोकालाच करून घेता येते, मधल्या कोणाकडून नाही. ‘गाडी आत गेली’ असे ड्रायव्हरने सांगितले म्हणून शेतकरी गप्प बसत नाही. तो काट्याची पावती मागतो.

आणि त्यापुढचीही एक पायरी आहे. तपासणीची बेरीज खरखर पकडते, खोटेपणा पकडत नाही. काट्यावर चुकीचा आकडा नोंदला गेला, तर उत्तमातले उत्तम जाळे तोच चुकीचा आकडा एकही अक्षर न बदलता गावात पोचवील. वजनाबद्दलची शंका उसाइतकीच जुनी आहे. ती दूर करायला काट्याची तपासणी लागते, मोजताना शेतकऱ्याची उपस्थिती लागते. जाळे एवढेच करू शकते, की आकडा त्याच दिवशी गावात कळतो, आणि शंका आली तर विचारायला वेळ हाती राहतो. हेही थोडे नाही.

वर्गात करून पाहा

एक वाक्य बारा चिठ्ठ्यांवर तुकड्या-तुकड्याने लिहा. प्रत्येकीवर बाकाचा क्रमांक (पत्ता), त्या बाकावरच्या विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक (पोर्ट) आणि चिठ्ठीचा क्रमांक घाला. चिठ्ठ्या वर्गातून हातोहात जाऊ द्या. मधल्या विद्यार्थ्यांनी फक्त बाकाचा क्रमांक वाचायचा, आतला मजकूर वाचायचा नाही. दोन-तीन विद्यार्थ्यांना गुपचूप सांगा, की चार चिठ्ठ्यांतली एक खिशात घाला. पहिल्या खेळात पावत्या नकोत, दुसऱ्यात हव्यात. पावतीची चिठ्ठीही हरवू शकते. मग तेच पाकीट दोनदा येईल, तेव्हा काय करायचे ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. सर्फ आणि कान यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न होता.